पंपखोलीतल्या चाव्या

लोणावळ्याच्या बाजूला एका बंगल्यावर आम्ही नवरा-बायको २०१४ सालापासून देखरेखीला आहोत. बंगल्याला पोहण्याचा तलाव आहे आणि त्याला लागून, दोन फूट उंचावर, गरम पाण्याचा लहान हौद आहे. त्याला सगळे जकुझी म्हणतात. खंडाळा, कर्जत, अलिबाग या बाजूला आता असे बंगले पुष्कळ झाले आहेत. मालक मुंबईला नाहीतर पुण्याला, शनिवार-रविवारी भाड्याने येणारे पाहुणे, आणि आठवडाभर ते पाणी सांभाळणारे आपल्यासारखे एखादे कुटुंब. आपल्या नात्यागोत्यातही अशा कामावर कोणी ना कोणी आहेच. तेव्हा वाचक बंधू-भगिनींनो, हा श्रीमंतांचा विषय आहे म्हणून पान उलटू नका. पोहणारे दुसरे असतील, चाव्या मात्र आपल्या लोकांच्या हातात आहेत.

कामाला लागलो त्या दिवशी मालकांच्या माणसाने आम्हाला पंपखोलीत नेले. जमिनीखाली चार पायऱ्या उतरून जावे लागते. आत पांढऱ्या पाइपांचे जाळे, त्यावर लाल-निळ्या चाव्या. तो म्हणाला, "ही चावी सकाळी उघडायची, ही संध्याकाळी बंद करायची, बाकी कशाला हात लावायचा नाही." झाले शिक्षण! आपल्या माणसांना काम सांगण्याची ही नेहमीचीच रीत. हात वापरा, डोके वापरू नका.

आम्हाला खरे शिकवले ते पंपाचे सील बदलायला आलेल्या एका वयस्कर मिस्त्रींनी. आम्ही त्यांना काका म्हणायचो. ते म्हणाले, "पाइप कुठून आला आणि कुठे गेला हे ज्याला सांगता येत नाही त्याने चावीला हात लावू नये." दोन दुपारी त्यांनी आमच्याकडून पंपखोलीच्या भिंतीवर कोळशाने सगळा नकाशा काढून घेतला. एकेक पाइप हाताने चाचपत जायचे आणि भिंतीवर रेघ ओढायची. तोच नकाशा इथे शब्दांत सांगतो.

तलावातले पाणी पंप ओढून घेतो. ते ओढण्याची तोंडे तीन. काठाला पाण्याच्या पातळीवर चौकोनी तोंड असते, त्याला स्किमर म्हणतात. पाला, केस, तेलाचा तवंग तिथून आत जातो. दुसरे तोंड तळाला, सगळ्यांत खोल जागी, जाळीखाली. ते मेन ड्रेन. नाव ड्रेन असले तरी ते गटाराला जात नाही, पंपाकडे जाते. पुष्कळांची समजूत इथेच चुकते. तिसरे तोंड भिंतीत असते, त्याला तळ साफ करायचा नळा लावतात. काम नसेल तेव्हा त्याला झाकण घट्ट बसवलेले असलेच पाहिजे. जकुझीचे ओढण्याचे तोंड वेगळे. या प्रत्येकाचा पाइप वेगळा, प्रत्येकावर एक चावी, आणि मग सगळे एकत्र होऊन पंपाला मिळतात. पंपाच्या तोंडाशी जाळीची टोपली असते, वर पारदर्शक झाकण. पंपातून निघालेले पाणी वाळूच्या फिल्टरमध्ये वरून पडते, वाळूतून गाळून खाली उतरते, पुढे हीटर, त्यापुढे क्लोरीन, आणि शेवटी परत जाणारे दोन फाटे, एक तलावाला, एक जकुझीच्या जेटना. त्यांवर एकेक चावी.

पंपाच्या अलीकडे सगळी ओढ आणि पंपाच्या पलीकडे सगळा दाब, हे काकांचे वाक्य आम्ही पाठ केले. याने निम्मे रोग ओळखता येतात. पंपाच्या पलीकडे सांधा सैल झाला तर पाणी बाहेर टपकते, ते दिसते. अलीकडे सैल झाला तर पंप चालू असताना पाणी बाहेर येत नाही, उलट हवा आत ओढली जाते. जमीन कोरडीच राहते आणि तलावात परत येणाऱ्या पाण्याबरोबर बुडबुडे येऊ लागतात. बुडबुडे दिसले की आम्ही आधी टोपलीच्या झाकणाची ओ-रिंग पाहतो. दहातल्या नऊ वेळा तीच वाळलेली असते. आमची पंपखोली पाण्याच्या पातळीखाली आहे, त्यामुळे टोपली साफ करताना पंप बंद करून दोन्ही बाजूंच्या चाव्या बंद केल्याशिवाय झाकण उघडायचे नाही. नाहीतर तलावच खोलीत येईल.

पंप किती वेळ चालवायचा? हे कोणी सांगत नाही, पण हिशेब चौथीच्या मुलाचा आहे. आमचा तलाव ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल. म्हणजे ४० घनमीटर, म्हणजेच ४०,००० लिटर. पंप तासाला १०,००० लिटर फिरवतो. एक फेरी चार तासांची. आम्ही दिवसाला दोन फेऱ्या करतो, पाहुण्यांची गर्दी असेल तर तीन.

फिल्टरवर एक दांडा असतो, त्याला सहा जागा. या वस्तूला मल्टीपोर्ट म्हणतात. फिल्टर, बॅकवॉश, रिन्स, वेस्ट, रिसर्क्युलेट आणि क्लोज्ड. रोजचे काम पहिल्या जागेवर. वाळू घाणीने भरली की दाब दाखवणारा काटा चढतो. नव्या धुतलेल्या वाळूवर काटा कुठे होता ते आम्ही भिंतीवर लिहून ठेवले आहे. त्याच्या वर आठ-दहा पौंड गेला की बॅकवॉश करायचा. म्हणजे पाणी उलट्या दिशेने, खालून वर सोडून वाळू धुवायची. काचेच्या डोळ्यात पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, साधारण दोन-तीन मिनिटे. मग अर्धा मिनिट रिन्स, मग पुन्हा फिल्टर. दांडा हलवण्यापूर्वी पंप बंद, हा नियम दगडावरची रेघ समजा. आत गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे रबराचे गास्केट असते. पंप चालू असताना दांडा फिरवला की ते कापले जाते किंवा जागा सोडते. मग फिल्टरवर असतानाही पाणी गुपचूप वेस्टच्या पाइपाने जात राहते. आम्ही आलो तेव्हा या बंगल्यावर दर आठवड्याला टँकर येई आणि का येतो हे कोणी विचारत नसे. काकांनी वेस्टच्या पाइपाच्या तोंडाला कान लावला आणि हसले.

तीन मिनिटांच्या बॅकवॉशला ५०० लिटर पाणी जाते. आमच्या वस्तीवर मे महिन्यात एक दिवसाआड नळ येतो. आमच्या आयाबहिणी हंडे घेऊन पहाटे रांगेत उभ्या असतात, आणि इथे ५०० लिटर नाल्यात सोडायचे! आम्हाला ते बघवेना. साहेबांना विचारून तो पाइप मागच्या उघड्या टाकीत सोडला. पाणी दोन-तीन दिवस उन्हात राहिले की क्लोरीन उडून जातो, मग ते झाडांना घालतो. प्यायला नाही, पण आंबे चांगले धरतात.

आता जकुझीची एक हकीकत सांगतो. चाव्या समजल्या तर काय वाचते ते त्यावरून कळेल.

रात्री पंप बंद केला की सकाळी जकुझीचे पाणी फूटभर उतरलेले असे. एक गवंडी आला. त्याने हौदाला तडा आहे, फरशी फोडावी लागेल, नव्याने वॉटरप्रूफिंग करावे लागेल असे सांगितले. मोठ्या खर्चाचे काम निघाले. आम्ही तीन सकाळी नुसते बघत राहिलो. पाणी रोज एकाच ठिकाणी येऊन थांबत होते, जेटच्या तोंडापाशी. त्याच्याखाली बोटभरही नाही. तड्याला जेटचे तोंड कसे कळणार? आणि दुसरी गोष्ट, त्याच सकाळी तलावाचे पाणी दोन बोटे चढलेले असे. जकुझी दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद. फूटभर पाणी म्हणजे १,२०० लिटर. तेवढे ३२ चौरस मीटरच्या तलावात पसरले तर पावणेचार सेंटिमीटर चढते. हिशेब बरोबर जुळला. पाणी कुठे गळत नव्हते, घरातल्या घरात उतरत होते.

झाले होते असे. जकुझीला थोडे ताजे पाणी मिळून ते काठावरून तलावात पडत राहावे म्हणून परतीच्या दोन्ही चाव्या थोड्याबहुत उघड्या असतात. पंप चालू असताना ठीक. पंप बंद झाला की उंचावरच्या जकुझीतले पाणी जेटमधून त्याच पाइपाने मागे येते आणि दुसऱ्या फाट्याने खालच्या तलावात जाते. पाणी जेटच्या खाली गेले की हवा शिरते आणि प्रवाह तुटतो, म्हणून तिथेच थांबते. हे होऊ नये यासाठी जकुझीच्या परतीच्या पाइपावर एनआरव्ही बसवलेला असतो. त्यातले झडप पाणी पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही. आम्ही युनियन सोडून तो उघडला. झडपेखाली फरशीची एक कपची अडकलेली. ती काढली, झडप धुतले, संपले. एक पैसाही लागला नाही. गवंड्याची छिन्नी पिशवीतच राहिली.

जकुझी गरम करायची तर ओढण्याची आणि परतीची, दोन्ही चाव्या जकुझीकडे फिरवायच्या असतात. ओढ जकुझीची आणि परत तलावाला असे झाले तर हौद काही मिनिटांत रिकामा होईल. उलटे केले तर काठावरून ओसंडत राहील. चाव्या फिरवताना पंप बंद ठेवलेला बरा. ओढण्याच्या सगळ्या चाव्या एकाच वेळी बंद झाल्या तर पंप कोरडा चालून सील जळते. म्हणून आम्ही प्रत्येक चावीला पत्र्याची बिल्ली बांधली आहे आणि मराठीत नाव लिहिले आहे. रंगांवर विसंबू नका, प्रत्येक प्लंबरचे रंग वेगळे.

इथवरचे नुकसान पाण्याचे आणि पैशाचे. पण ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते पुढेच आहे. ज्यांच्या घरी लेकरे आहेत त्यांनी ते सावकाश वाचावे.

२०२३ च्या मे महिन्यात जकुझी घासताना ब्रशच्या काठीने तळाची जाळी डुगडुगली. हात घालून पाहिले तर दोन स्क्रूंपैकी एक गायब आणि दुसरा गंजलेला. जाळी सपाट, ताटलीसारखी, २० सेंटिमीटरची. आणि जकुझीला ओढण्याचे तोंड हे एकच. स्किमर नाही, दुसरे काही नाही. पंपाची सगळी ओढ त्या एका जाळीवर.

आमच्या थोरल्या मुलीने मोबाइलवर शोधून आम्हाला वाचून दाखवले. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात २००२ साली ग्रेम बेकर नावाची सात वर्षांची मुलगी अशाच हौदात तळाच्या जाळीला चिकटून बुडाली. तिला पोहता येत होते. आईने पाण्यात उडी घेऊन ओढले, तरी ती सुटेना. अखेर दोन पुरुषांनी ओढले तेव्हा जाळीच तुटली, पण उशीर झाला होता. ती तिथले माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची नात. पुढे तिच्या आईने पाठपुरावा केला आणि २००७ च्या डिसेंबरात तिच्या नावाने कायदा झाला. तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक जाळीला सुरक्षिततेचे माप लागू झाले. ज्या सार्वजनिक तलावाला ओढण्याचे तोंड एकच असेल तिथे पंप आपोआप थांबवण्यासारखा आणखी एखादा उपाय करणे बंधनकारक झाले. मंत्र्याच्या नातीला पंप ओळखत नाही, तर आपल्या लेकराला कुठून ओळखणार?

ती ओढ किती असते? २० सेंटिमीटरच्या जाळीचे क्षेत्र ३१४ चौरस सेंटिमीटर. पूर्ण झाकली गेली आणि पंपाने चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो एवढी जरी ओढ धरली, तरी १५० किलोंच्या वर भार होतो. तीन सिमेंटच्या गोण्या पाठीवर ठेवल्यासारखे. लहान मूल जाळीवर बसले किंवा पालथे पडले तर एवढ्या ओढीने आतड्यांपर्यंत इजा होते. जाळी निघालेली असेल तर उघड्या पाइपात हात-पाय अडकतो. आणि मुलींचे मोकळे केस तर जाळी झाकली न जाताही आत जाऊन मागे गुंता होतो.

आम्ही तलावाच्या मेन ड्रेनची चावी बंद केली आणि नुसत्या स्किमरवर तलाव चालू ठेवला, कारण तळाची ती जाळीही तशीच सपाट आणि एकटीच होती. जकुझीची चावी बंद करून तिला साखळी-कुलूप घातले. शनिवारी पाहुणे आले, पाच मुले बरोबर. त्यांना जकुझी पाहिजे होती, त्याचे पैसे भरले होते. साहेबांचा फोन आला. "इतकी वर्षे काही झाले नाही, आजच काय झाले? तू प्लंबर आहेस की इंजिनिअर?"

आम्ही म्हणालो, "साहेब, चावी फिरवणारे आम्ही आहोत. ही चावी आम्ही उघडणार नाही. तुम्ही दुसऱ्या कोणाला पाठवा, आम्ही किल्ली त्याच्या हातात देतो आणि त्याच्याकडून लिहून घेतो."

बोलायला सोपे होते. राहायची खोली त्याच बंगल्याच्या आवारात, धाकटीची दहावी त्याच वर्षी. फोन ठेवल्यावर आम्ही दोघे बराच वेळ काही बोललो नाही. मग एकाने म्हटले, उद्या सामान बांधावे लागेल. दुसऱ्याने म्हटले, बांधू.

पाहुण्यांपैकी एक गृहस्थ पंपखोलीपर्यंत तणतणत आले. वाद घालण्यापेक्षा दाखवावे म्हणून सगळ्या मुलांना काठापासून लांब बसवले. रबरी मॅटचा जाड तुकडा घेतला, मधोमध दोरी ओवून गाठ मारली, काठीने तो जकुझीच्या तळाला जाळीवर नेऊन ठेवला आणि एकाने खाली जाऊन पंप चालू केला. मॅट खट्‌कन बसली. गृहस्थांच्या हातात दोरी दिली. त्यांनी ओढली, मग दोन्ही पाय काठाला लावून ओढली. मॅट जागची हलेना. हाक मारून पंप बंद करायला लावला, तशी मॅट आपोआप सुटून दोरीबरोबर वर आली. ते गृहस्थ आपल्या लहान मुलीकडे पाहत राहिले. साहेबांना फोन त्यांनीच केला. काय बोलले ते आम्ही ऐकले नाही, पण सामान बांधावे लागले नाही.

पावसाआधी काम करून घेतले. जकुझीला तळाच्या तोंडाशिवाय दुसरे तोंड भिंतीत, तीन फुटांहून जास्त अंतरावर. तलावालाही तळाशी दुसरे तोंड, तेवढ्याच अंतरावर. प्रत्येक जोडी टीने एकत्र करूनच पुढे पंपाकडे. एक तोंड झाकले गेले तर पाणी दुसऱ्यातून येते आणि ओढ मोडते. या दोघांच्या मध्ये चावी कधीही बसवू देऊ नका. प्लंबर म्हणेल, सोयीची होईल. ती बंद राहिली की पुन्हा एकच तोंड उरते. जाळ्या आता सपाट नाहीत, घुमटासारख्या फुगीर आहेत. त्या अंगाने पूर्ण झाकल्या जात नाहीत. आणि काठाजवळ, हात पोचेल अशा उंचीवर, पंप बंद करणारे लाल बटण. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही आधी ते दाखवतो, मग खोलीची किल्ली देतो. कोणी चिकटले तर ओढत बसू नका. आधी बटण दाबा, मग माणूस काढा.

औषधांचे थोडक्यात. क्लोरीनची पावडर आणि ॲसिड एका कपाटात ठेवायचे नाही, एका मापाने काढायचे नाही. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू निघतो. पावडर पाण्यात टाकायची, पावडरवर पाणी ओतायचे नाही. घरी संडास धुताना ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करणाऱ्या भगिनींनीही हे ध्यानात ठेवावे, वायू तोच. जकुझीचे पाणी ४० अंशांच्या वर नेऊ नये, आणि गरोदर बाईने डॉक्टरला विचारल्याशिवाय त्यात बसू नये.

आपली मुले आयटीआयला प्लंबरचा एका वर्षाचा कोर्स करतात आणि मग बाथरूमच्या फिटिंगवर अडकून पडतात. या बाजूला पंपखोलीचे काम येणारा माणूस शोधून मिळत नाही. वस्तीतली तीन पोरे गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे येऊन नकाशा शिकून गेली. भिंतीवरचा कोळसा पुसट झाला होता, तो त्यांनी ऑइल पेंटने पक्का केला.

आम्ही मागवलेल्या बनावटीच्या जाळीवर ती किती वर्षे वापरायची ते छापलेले असते. प्लास्टिक उन्हाने आणि क्लोरीनने कुजते, म्हणून. आमच्या जाळ्या कधी बसवल्या ती तारीख पंपखोलीच्या दारामागे लिहिली आहे. दर महिन्याच्या एक तारखेला स्क्रू हाताने तपासतो, आणि जकुझीच्या साखळीची किल्ली अजून आमच्याच कमरेला असते.